देव्हाऱ्यातला चाकू

अण्णा, तुमचा चाकू आता माझ्या खिशात आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी सांगायला बसलो की मधेच कुठंतरी वळतो आणि खरी गोष्ट राहून जाते. तुम्ही म्हणायचे ना, ह्याला मीठ आणायला पाठवलं तर हा बैलाची किंमत विचारून येतो. म्हणून मीठ आधी तुमच्यापुढं ठेवलं. चाकू माझा झाला. दादानं स्वतःच्या हातानं दिला, मायच्या समोर, खंडेनवमीला, पूजा झाल्या झाल्या. आणि मी तो घेऊन गावातून उगाच दोन चकरा मारल्या. पानटपरीवर उभा राहून उघडला, मिटला, परत उघडला. टपरीवाला म्हणाला, "काहून रे, कोणाचा मुडदा पाडतो?" मी म्हटलं, "कलमं करतो." असं म्हणताना माझी छाती केवढी फुगली होती, ते तुम्ही बघायला पाहिजे होतं.

चाकू तुमचाच, तुम्हाला काय सांगायचा; पण इतकी वर्षं झाली, विसरला असाल. शिसवाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ, आणि एका बाजूला तुमचा अंगठा टेकून टेकून लाकडात पडलेली खळगी. पातं बोटाएवढं, दगडावर घासून मधे बारीक झालेलं. त्या खळगीत माझा अंगठा बसत नाही, बाहेर राहतो. दादाचा तर त्याहून बाहेर. तुम्ही आम्हाला केवढे मोठे वाटायचे, आणि चाकू हातात घेतल्यावर कळलं की तुमचा हात बाईच्या हातासारखा बारीक होता. ह्याच बारक्या हातानं तुम्ही साखऱ्याकडच्या बांधांवरच्या जंगली बोरी वळणावर आणल्या. ज्यांची बोरं शेळीसुद्धा तोंड वाकडं करून खायची, त्या बोरींना तुम्ही गोड बोरीच्या काडीचे डोळे भरले की पुढं लिंबाएवढी गोड बोरं धरायची. अजूनही त्या भागात गेलो की एखादा म्हातारा झाडाकडं बोट दाखवून म्हणतो, "हे तुझ्या बापाचं हाय." जमिनीचा मालक तो, झाडाचा बाप तुम्ही. मला हे फार आवडतं. मी हार्वेस्टरवर कामाला होतो तेव्हा आमच्यासोबत एक पोरगा होता, त्याचा बाप मोठा गुत्तेदार, बंगला-बिंगला. पण रस्त्यानं जाताना झाडं दाखवून बापाचं नाव कोणी घेईल असं त्याच्याकडं काही नव्हतं. हे बघा, वळलोच.

तर संध्याकाळ मला आठवते ती अशी. तुम्ही घरी येता. हातपाय नंतर, आधी चाकू. चुलीवरच्या कढत पाण्यातला तांब्याभर घेऊन पातं धुता, धोतराच्या सोग्यानं पुसता, आणि मग मायच्या फोडणीच्या तेलातला एक थेंब करंगळीवर घेऊन सांध्यात सोडता. माय रोज तेच म्हणते, "भाजीला तेल न्हाई आन चाकूला तेल." आणि तुम्हीही रोज तेच म्हणता, "त्याच्यापायीच भाजी हाय घरात." मग एकदा उघडून मिटायचा. टक. तो आवाज झाला की माय ताटं मांडायला घ्यायची, म्हणजे आमच्या घरात जेवायची घंटाच ती.

आणि तुमचं ते बोलणं. मला मिसरूड फुटत होतं तेव्हाचं. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेल्या एका आंब्याच्या रोपावर मी कलम बांधलं होतं, ब्लेडनं, कारण चाकूला हात लावायची सोय नव्हती. चौथ्या-पाचव्या दिवशी मी पट्टी सोडून बघितली, लागलं का. परत बांधली. परत सोडली. काडी काळी पडली. तुम्ही मारलं नाही, ओरडलाही नाहीत. उकिडवे बसून ती काडी उपटली आणि म्हणालात, "पोटातलं लेकरू केवढं झालं म्हणून कोणी बाहेर काढून बघतं का? तुझं सगळं असंच हाय. बांधतो अन् सोडून बघतो." मला तेव्हा ते कलमापुरतंच वाटलं. पुढं शाळा सोडली, दहावीला दोनदा बसून उठलो, ट्रकवर क्लीनर झालो, नांदेडला हॉटेलात राहिलो, मंडपवाल्याकडं बांबू वाहिले, हळदीच्या कढयांवर रात्री काढल्या, आणि प्रत्येक ठिकाणी महिना-दोन महिने झाले की माझे हात शिवशिवायला लागायचे. तेव्हा तुमचं बोलणं आठवायचं. तुम्ही गेलात तेव्हा मी नांदेडलाच होतो. येईपर्यंत लोक मसणातून हात धुऊन परतत होते.

त्यानंतर चाकूचं काय झालं, ते तुम्हाला ठाऊक नसेल. दादानं तो देव्हाऱ्यात ठेवला. खंडोबाच्या टाकाशेजारी, लाल कपड्यावर. खंडेनवमीला दादा कुळव, विळा, स्प्रेपंप, मोटरसायकल सगळं धुऊन ओळीनं मांडायचा आणि सगळ्यात पुढं चाकू. हळद, कुंकू, फूल. पाहुणे आले की माय सांगायची, "हे ह्यांचं हत्यार." पाहुणे हात जोडायचे. दरसाल मी कुठूनतरी येऊन जेवून जायचो, तेव्हा तो मला आणखी लाल झालेला दिसायचा. तुमचा चाकू हळूहळू देव होऊन राहिला होता, आणि त्याला कोणी उघडून बघत नव्हतं.

ह्या उन्हाळ्यात मी आलो तो मनाशी ठरवून. त्याच्या आधी काही महिने औंढ्याकडच्या एका रोपवाटिकेत होतो, तिथं कलमांवर बसलो, आणि तिथल्या मालकानं चार लोकांसमोर म्हटलं की ह्या पोराचा हात हलका आहे. हलका हात! मला आयुष्यात कोणी हाताचं असं काही म्हटलं नव्हतं. तेव्हाच वाटलं, बास, आता चाकू पाहिजे. आणि पाहिजे तो तुमचाच. घरी आलो तर बांधावरचा आपला खोबऱ्या आंबा वाळत आलेला. एकच फांदी हिरवी. तुम्ही म्हणायचे, ह्या आंब्यात साखर कमी आणि खोबरं जास्त. त्या फांदीवरून काड्या घ्यायच्या आणि कलमं करायची, हे माझ्या डोक्यात तिथंच बसलं.

रात्री जेवताना विषय काढला. माय भाकरी थापून राहिली होती.

"दादा, चाकू दे मला."

"कशाला?"

"खोबऱ्याची कलमं करतो."

"ब्लेडनं कर. सगळे ब्लेडनंच करतेत आता."

"मला अण्णाच्या चाकूनं करायचीत."

दादानं ताटातला हात थांबवला. "बारक्या, तू दोन मोबाइल हरवले. सायकल हरवली. माझं स्वेटर हरवलं. माझ्या लग्नातला फेटा हरवला. फेटा कसा हरवतो रे माणसाचा? डोक्यावर असतो तो!"

"हवेनं गेला. ट्रॅक्टरच्या टपावर बसलो व्हतो."

"मग चाकू बी जाईल हवेनं."

मी म्हटलं, "तुमी त्याला देव करून मारून टाकलाय." हे जरा जास्तच झालं. दादा ताटावरून उठला. मायनं मात्र भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि आमच्याकडं न बघताच निकाल दिला. "दोघंबी ऐका. बारक्या, नवमीपतुर हिथं राहायचं. घरात झोपायचं, एक रात बाहेर न्हाई. खोबऱ्याची कलमं जगवून दाखव. जगली तर चाकू तुझा. न्हाई जगली, नाहीतर पळालास, तर पुन्हा जल्मात मागायचा न्हाई." दादा दारातून हसला. "मग तर चाकू देव्हाऱ्यातच राहिला म्हण की." अण्णा, त्या हसण्यानं मला जितकं बांधलं, तितकं कुठल्या शाळेनं बांधलं नव्हतं.

कोया पिशव्यांत लावल्या, उगवल्या, तांबूस पानं फुटली. काड्यांची पानं छाटून देठ ठेवले, डोळे फुगले. कामापुरता चाकू खाली उतरवायचा दिवस आला. दादानं हात धुतले, मायनं नमस्कार केला, चाकू माझ्या हातात आला, मी नख घालून पातं ओढलं, आणि पातं हललं नाही. दादानं ओढलं. नाही. दादानं पक्कड आणली, मायनं हातावर चापट मारली. नीट बघितलं तर सांधाच दिसत नव्हता. शेंदूर लावलेल्या मारुतीसारखा सगळा एकजीव.

"देवाच्या मनात न्हाई," माय म्हणाली.

"देवाच्या न्हाई, कुंकवाच्या. दरसाल कुंकू कोण लावतं एवढं?" दादा म्हणाला.

"फुटाण्याएवढं लावते मी. आन ते तेल कोण सोडतं सांध्यात?"

दादा चाकू उलटा-पालटा करायला लागला. तेल तो सोडायचा. तुम्ही सोडायचे म्हणून. तुमच्यामागं त्यानं ते चुकू दिलं नव्हतं. मायचं कुंकू आणि दादाचं तेल, दरसाल एकावर एक, त्याचं पार सिमेंट होऊन बसलं होतं. दोघांनी जिवापाड जपला आणि जपून जपून बंद केला. मला हसू आलं, पण त्या वेळी हसलो नाही. तेवढी अक्कल आता आली आहे.

बाजाराच्या दिवशी आखाडा बाळापूरला गेलो. दादा सोबत, कारण चाकू माझ्या एकट्याच्या हाती द्यायला तो तयार नव्हता. शर्टाच्या आतल्या खिशात, वरून गुंडी. वाटेत एका म्हशीचा सौदा चालला होता, रुमालाखाली बोटं चाललेली, मी थांबून बघायला लागलो तर दादानं कॉलर धरून पुढं घातलं. धार लावणारे चाचा तुम्ही ओळखत असाल, मशिदीच्या गल्लीच्या तोंडाशी बसतात, दाढी आता पूर्ण पांढरी. दादानं रुमाल सोडून चाकू पुढं ठेवला. चाचांनी चष्मा वर केला.

"ये क्या है?"

"चाकू."

"चाकू? मेरेकू तो मूर्ती दिखरी." मग मराठीत आले, "बंद ठेवायचा असंल तर बराबर हाय, घेऊन जावा. खोलायचा असंल तर चहा पिऊन या, येळ लागंल."

त्यांनी एका डब्यात डिझेल घेतलं आणि चाकू त्यात बुडवला. मी कुठंच गेलो नाही, अण्णा, बाजार भरलेला असताना मी एका डब्याकडं बघत बसलो. हळूहळू डिझेल लाल व्हायला लागलं. चाचा म्हणाले, "इसने खून-वून तो नहीं किया ना?" दादासुद्धा हसला. मग त्यांनी लाकडी हातोडीनं मुठीवर हळूच ठोकलं, परत बुडवला, परत ठोकलं, फडक्यात धरून पातं ओढलं, आणि टक.

आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडं बघायचं टाळून उभे होतो. पातं आतून लख्ख होतं. गंजाचा ठिपका नाही. आणि मुठीच्या खाचेत वाळलेल्या केळीच्या सोपटाचा एक धागा. तुम्ही प्लास्टिकच्या पट्टीला नावं ठेवायचे, शेवटपर्यंत सोपटानंच बांधायचे. तुमच्या शेवटच्या कुठल्यातरी कलमाचा तो धागा. दादानं तो चिमटीत उचलला आणि आतल्या खिशात ठेवून गुंडी लावली. मी मागितला नाही. चाचा म्हणाले, "पूजा करा, पर मुठीची करा. सांध्याला हात लावू नका." घरी आल्यावर हे मायला मीच सांगितलं, कारण तिला सांगायची दादाची हिंमत नव्हती.

कलमं मी सकाळच्या गारव्यात केली. रोपाचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली, काडीला दोन्ही अंगांनी पाचरीसारखं तासलं. तुमचं पातं मधे बारीक का झालं ते तेव्हा कळलं. तासताना काडी आपोआप त्याच जागी येते. मला चाकूला काही शिकवायची गरजच नव्हती, त्याला वाट पाठ होती. काडी चिरेत बसवली, पट्टी बांधली, वरून मुलं चोखतात त्या गारेगारच्या नळीची पिशवी टोपीसारखी घातली. दहा-बारा झाली. चाकू धुतला, पुसला आणि स्वतः देव्हाऱ्यात परत ठेवला.

मग राहिलं फक्त न बघणं. अण्णा, ट्रक रिकामा करणं सोपं आहे, हळद कढईतून काढणं सोपं आहे, पण बांधलेल्याला हात न लावता बसणं! मी गावात कोणाचा पंप दुरुस्त केला, कोणाचं छप्पर शाकारलं, एका पोराकडून हलगी शिकलो, मायनं हलगी काढून घेतली. हार्वेस्टरवाल्या दोस्ताचा फोन आला, "चल, ह्या टायमाला थेट पंजाब." मी म्हटलं, "न्हाई जमत, कलम बांधलंय." तो म्हणाला, "तू? आन थांबला?" आणि इतका हसला की फोनच कट झाला. रोज सकाळी पिशव्यांजवळ जायचो आणि हात पाठीमागं धरून उभा राहायचो, साहेब लोक शेत बघायला येतात तसा.

श्रावणातली एक सकाळ. टोप्यांवर आतून घाम आलेला. एका टोपीत काहीतरी लाल. मी वाकलो, डोळा पार टेकवला. पोपटाच्या चोचीएवढा कोंब! मी काय ओरडलो मला माहीत नाही, पण माय पिठाचे हात घेऊन धावत आली, तिला वाटलं साप निघाला. दादा ब्रश तोंडात धरूनच आला. उकिडवा बसला, अगदी तुमच्यासारखा. टोपीला नाक टेकवून बघितलं. मग फेसातूनच म्हणाला, "लागलं." एवढंच. मला विचाराल तर माझ्या दहावीचा निकाल त्या दिवशी लागला. सगळी जगली नाहीत, काही काळी पडली, पण निम्मी तरी फुटली आणि पोळ्यापर्यंत त्यांना हिरवी पानं आली. खोबऱ्या आता पडला तरी चालेल. तो अंगणात ओळीनं उभा आहे.

नवमीला पूजा झाली. मायनं कुंकवाचं बोट मुठीला लावलं, सांध्यापासून चांगलं लांब. मग दादानं चाकू उचलला. मुठीच्या टोकाच्या पितळेत त्यानं बारीक भोक पाडून आणलं होतं आणि त्यात दोरी ओवली होती. मला जवळ बोलावलं, माझ्या पँटीच्या पट्ट्याला दोरीचं दुसरं टोक बांधलं, गच्च, वासराला दावं बांधतात तसं. म्हणाला, "आता हरवायचा असंल तर पँटीसकट हरवावं लागंल." माय पदर तोंडाला लावून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. परवा साखऱ्याचा एक माणूस विचारत आला, ते कलमवाल्याचं घर हेच का. मी बाहेर जाऊन म्हटलं, "व्हय, बोला." उन्हाळ्यात बोरींना डोळे भरायला बोलावलंय. तेव्हा मी फिरणार तर आहेच, अण्णा. पण आता कोणी विचारलं कुठं चालला, तर मला सांगता येईल.

एक गोष्ट राहिली. ती घरात कोणासमोर काढता येत नाही. कलमं बांधून थोडे दिवस झाले होते, माय साखऱ्याला मावशीकडं गेली होती, आणि बातमी आली की सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडलेत. मी म्हटलं, पाणी बघून संध्याकाळपर्यंत येतो. तिथं मासे धरणाऱ्यांची ओळख झाली, त्यांनी तळलेला मासा दिला, मग होडी, मग रात्र तिथंच, मग दुसरीही. मधे ऊन असं कडक पडलं की मी मिळेल त्या गाडीनं घरी पळालो. सगळं वाळलं असणार, गेला चाकू, असं म्हणत आलो. बघतो तर पिशव्या गोठ्याच्या सावलीत सरकवलेल्या, भोवती ओलं पोतं, माती हाताला थंड. टोप्या जिथल्या तिथं. दादा म्हशीला पेंड घालत होता. माझ्याकडं बघितलं आणि पुढची पाटी भरायला घेतली. तेवढ्यात माय आली, पिशवी खाली ठेवायच्या आतच तिनं विचारलं, "हा हिथंच व्हता ना?"

दादा मान वर न करता म्हणाला, "हिथंच व्हता. कुठं जातो?"

ह्याच्यावर आम्ही दोघं अजून एक शब्द बोललो नाही. मायला कळलं तर चाकू परत लाल कपड्यावर जाईल, आणि मी तो काही द्यायचा नाही. म्हणून तुम्हाला लिहिलेले हे कागद घरात ठेवता येत नाहीत. तुम्हीही कोणाला सांगू नका, अण्णा. हे आपल्या तिघांत राहू द्या.